सोरायसिसमध्ये इम्युनिटी कमी असते की जास्त? आणि हे आयएल-१७, टीएनएफ म्हणजे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की निपाणीजवळच्या गावात राहणाऱ्या तुमच्या मोठ्या भावाला बरीच वर्षं सोरायसिस, म्हणजे कातडीवर पापुद्र्यांचे चट्टे येणारा आजार आहे, मलमं झाली, मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे, आता कोल्हापूरच्या स्किनच्या डॉक्टरांनी आयएल-१७ अडवणारं इंजेक्शन सुचवलंय, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत की इम्युनिटी कमी पडली म्हणून तर हे झालं, मग वर आणि इम्युनिटी दाबायचं औषध कशाला, त्यापेक्षा काढा द्या, रक्त शुद्ध होऊ दे. मी बेळगावात शहापूर भागात मेडिकल दुकान चालवतो, फार्मसी शिकलोय, आणि माझ्या थोरल्या बहिणीला हाच आजार आहे त्यामुळं याच्यावर वाचायचं मी कधी सोडलं नाही. डॉक्टर नाही मी, हे आधीच सांगतो, पण तुम्ही विचारलंय ते समजावून सांगण्याएवढं माहीत आहे.

तर पहिलं म्हणजे भावाची इम्युनिटी कमी झालेली नाही आणि रक्तही अशुद्ध नाही. कातडीच्या काही ठराविक जागी इम्युनिटी समोर जंतू नसताना कामाला लागलेली असते आणि थांबायचं नाव घेत नाही. त्यामुळं 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला या आजारात उलट्या दिशेला जातो. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शनसुद्धा सगळी इम्युनिटी झोपवत नाही, ते पेशींमधला एकच निरोप मधल्यामध्ये अडवतं. घरच्यांना एवढं समजावलं तरी निम्मं काम झालं.

आता निरोप म्हणजे काय ते बघा. आपल्या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींशी बोलतात त्या बारीक प्रोटीनच्या रेणूंमधून, त्यांना सायटोकाइन म्हणतात. एक पेशी रेणू सोडते, दुसरीच्या अंगावर त्याच रेणूसाठी बसायची जागा असते ज्याला रिसेप्टर म्हणतात, तिथं तो बसला की आतली यंत्रणा चालू होते. आयएल म्हणजे इंटरल्युकिन, हे सायटोकाइनचंच एक मोठं खानदान, आणि पुढचा आकडा म्हणजे नंबर. टीएनएफ हा पण सायटोकाइनच. त्याच्या पूर्ण नावात, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, 'ट्यूमर' म्हणजे गाठ हा शब्द आहे कारण १९७५ मध्ये नाव ठेवताना तो गाठीतल्या पेशी मारतो एवढंच लक्षात आलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण प्रिस्क्रिप्शनवर किंवा इंटरनेटवर हा शब्द वाचून कॅन्सरच झाला असं धरून बसलेली माणसं मी काउंटरपलीकडं बघितलीत. भावाचा आजार म्हणजे कॅन्सर नाही.

सोरायसिसमध्ये साखळी साधारण अशी चालते. काहीतरी निमित्त होतं, कातडीला खरचटतं, घशात स्ट्रेप्टोकोकसचं इन्फेक्शन होतं, मोठा ताण येतो, किंवा लिथियम, काही बीपीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, मलेरियाची क्लोरोक्विन यासारखं औषध चालू होतं. कातडीच्या पेशी दुखावल्या की एलएल-३७ नावाचं जंतू मारणारं प्रोटीन सोडतात, आता हे चांगलंच आहे, पण ते मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या आपल्याच डीएनएला चिकटतं आणि ती जोडगोळी बघून तिथल्या एका प्रकारच्या डेंड्रिटिक पेशींना, म्हणजे पहाऱ्यावरच्या रोगप्रतिकारक पेशींना, वाटतं की व्हायरस शिरलाय. हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. मग त्या पेशी इंटरफेरॉन नावाचा सायटोकाइन सोडतात, त्यानं दुसऱ्या डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात आणि त्या सोडतात टीएनएफ आणि आयएल-२३. आयएल-२३ जाऊन बसतो टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर, त्यातल्या टीएच-१७ म्हणतात त्या गटावर, आणि त्यांना सतत पेटवत ठेवतो. या टीएच-१७ पेशींतून निघतो तुमचा आयएल-१७ आणि सोबत आयएल-२२.

खरी गोम इथून पुढं आहे. आयएल-१७ कातडीच्या पेशींवर जाऊन बसला की त्या पेशी स्वतःच निरोप पाठवायला लागतात. एका प्रकारच्या निरोपानं न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून वर चढून येतात, आणि सीसीएल-२० नावाच्या रेणूनं आणखी टीएच-१७ पेशी तिथं बोलावल्या जातात, म्हणजे ज्यांच्यामुळं हे झालं त्यांनाच अजून आमंत्रण. एलएल-३७ पण वाढतं. सुरुवातीचं निमित्त कधीच संपलेलं असतं पण चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरच्या समोर आला की कोणी बोलत नसताना सुद्धा शिट्टी वाजायला लागते, स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, तसं हे आहे. आणि म्हणूनच या चक्राची एक वायर जरी काढली तरी बाकीचं बऱ्यापैकी शांत होतं, नव्या औषधांचं सगळं गणित याच्यावरच उभं आहे.

आयएल-२२ चं काम वेगळं, तो कातडीच्या पेशींना भराभर वाढायला लावतो आणि नीट पक्व होऊ देत नाही. एरवी कातडीची पेशी तळातून निघून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम चार-पाच दिवसांत होतं. पेशी कच्च्याच वर येतात, आतलं केंद्रक सुद्धा विरघळलेलं नसतं, एकमेकींना चिकटून राहतात आणि त्याचे ते पांढुरके पापुद्रे होतात जे सकाळी चादरीवर, काळ्या पँटवर, खुर्चीत सांडलेले दिसतात. बहिणीच्या कोपरावरचा चट्टा मी जवळून बघितलाय, कडा अगदी आखून काढल्यासारखी, मध्ये जाड, आणि नखानं एखादा पापुद्रा ओढला की खाली बारीक बारीक टिपक्यांनी रक्त येतं, कारण खालच्या रक्तवाहिन्या फुगून एकदम वरपर्यंत आलेल्या असतात. इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे, लालभडक. आपल्या सावळ्या अंगावर तो चट्टा जांभळट, राखाडी, काळपट दिसतो, आणि त्यामुळं गजकर्ण समजून महिनोन् महिने जातात.

गजकर्णावरून आठवलं ते सांगूनच टाकतो कारण आमच्याकडं याचा फार त्रास आहे. "अण्णा, खाज थांबंना बघा, ती मागची ट्यूब द्या की" म्हणून माणूस येतो, हातात चेपून चेपून गुंडाळी झालेली ट्यूब, आणि त्या ट्यूबमध्ये असतं क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉईड, एक फंगसचं औषध आणि एक अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र. स्टेरॉईड हे सगळेच निरोप एकदम खाली आणतं त्यामुळं चार दिवसांत फरक पडतो, माणूस खूश. सोरायसिसमध्ये स्टेरॉईड मलम डॉक्टर पण देतात, ते वाईट नाही, पण किती दिवस, कुठल्या जागी, कशी कमी करत आणायची हे ठरवून देतात. स्वतःच्या मनानं वर्षभर चोळली तर कातडी कागदासारखी पातळ होते आणि बंद केली की आजार आधीपेक्षा जोरात उसळतो. पोटातून स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा कमरेत इंजेक्शन घेऊन एकदम सोडणं तर जास्तच धोक्याचं, त्यातून अंगभर लाली किंवा पूभरल्या फोडांचा सोरायसिस होऊ शकतो. तो फोडांचा प्रकार वेगळ्याच निरोपावर चालतो, आयएल-३६ वर. त्याला लगाम घालणारं शरीरातलं प्रोटीन काही जणांत जन्मतःच बिघडलेलं असतं हे २०११ मध्ये सापडलं, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्याच्यावर स्पेसोलिमॅब नावाचं औषध मंजूर झालं. अंगभर फोड आणि ताप एकदम आला तर वाट न बघता सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. आणि कुठल्या गावात 'पंधरा दिवसांत सोरायसिस मुळासकट' म्हणून बिननावाची पूड मिळत असेल तर तिच्यापासून लांब राहा, अशा पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं.

हे सगळं कळलं कसं ही गोष्ट मला फार आवडते म्हणून थोडी सांगतो. बराच काळ असं धरलं जायचं की हा फक्त कातडीच्या पेशींचा आजार आहे, त्या जास्त वाढतात एवढंच, आणि मेथोट्रेक्सेट पण वाढ रोखायला म्हणूनच दिलं जायचं. १९७९ मध्ये सांध्यांच्या आजारासाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या पेशंटमध्ये ज्यांना सोरायसिस होता त्यांची कातडी साफ झाली. सायक्लोस्पोरिन म्हणजे किडनी बदलल्यावर देतात ते, ते टी-पेशींना गप्प करतं. मग प्रश्न पडला की टी-पेशी गप्प केल्यावर कातडी का सुधारली? तिथून नजर कातडीवरून इम्युनिटीकडं वळली. पुढं आयएल-१२ हाच मुख्य गुन्हेगार असं ठरलं आणि त्याच्यावर औषध बनवायला घेतलं, उस्टेकिनुमॅब, ते पुढं लागू पण पडलं. पण मधेच २००० मध्ये आयएल-२३ सापडला आणि लक्षात आलं की आयएल-१२ आणि आयएल-२३ यांचा एक तुकडा, पी-४०, सारखाच आहे आणि औषध नेमकं त्याच तुकड्याला धरतं. म्हणजे औषध बरोबर होतं, कारण भलतंच समजलं होतं. नंतर फक्त आयएल-२३ ला धरणारी गुसेलकुमॅबसारखी औषधं आली, आयएल-१२ ला हात न लावता, आणि ती उत्तम चालली. टीएच-१७ पेशींची वेगळी ओळख पटली ती २००५ च्या सुमाराला, आणि दहाएक वर्षांत, २०१५ मध्ये, आयएल-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब बाजारात आलं. तुमच्या भावाला बहुतेक हेच किंवा याच गटातलं सुचवलं असणार. आणि आपल्या कर्नाटकाचं नाव पण यात आहे, बेंगळुरूच्या बायोकॉननं २०१३ मध्ये इटोलिझुमॅब सोरायसिससाठीच भारतात आणलं, ते सायटोकाइनला न धरता टी-पेशीच्या अंगावरच्या सीडी-६ ला धरतं.

आता तुमच्या मुख्य भीतीबद्दल, इम्युनिटी दाबली तर दुसरंच काही होईल का. कुठला निरोप अडवलाय त्याच्यावर आहे. टीएनएफ अडवणारी औषधं, अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, इटॅनरसेप्ट, यांत टीबीची काळजी सगळ्यात जास्त. आपल्या देशात पुष्कळ लोकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात, शरीरानं त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधून ठेवलेली असते आणि ती भिंत टिकवायला टीएनएफ लागतो. टीएनएफ काढून घेतला की भिंत ढासळते. म्हणून इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे, माँटू किंवा टीबी गोल्ड, आणि हेपटायटिस बी, सी, एचआयव्ही या टेस्ट सांगतात. आयएल-१७ च्या औषधांत टीबीचा धोका बराच कमी दिसलाय, तरी टेस्ट करूनच घेतात. ही टेस्ट म्हणजे पैसे काढायचा धंदा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. झोपलेला टीबी निघाला तरी दार बंद होत नाही, आधी त्याच्यावर गोळ्यांचा कोर्स देतात आणि मग इंजेक्शन चालू करतात.

आयएल-१७ चं शरीरातलं खरं काम म्हणजे तोंड, घसा, नाजूक जागा इथं बुरशीला आवर घालणं आणि आतड्याचं अस्तर जपणं. म्हणून ही इंजेक्शनं घेणाऱ्यांना कधी कधी जिभेवर पांढरा थर येतो, तो औषधानं जातो. पण भावाला किंवा जवळच्या नात्यात कोणाला आतड्याचा क्रॉन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, वरचेवर रक्त-आव पडत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, न विचारता सांगा. सेक्युकिनुमॅब क्रॉन्समध्ये देऊन बघितलं होतं, फायदा तर नाहीच, काहींचा त्रास वाढला. अशा वेळी डॉक्टर आयएल-२३ किंवा टीएनएफच्या गटातलं औषध बघतात. एकच चक्र, पण कुठली वायर काढायची हे माणूस बघून ठरतं.

सांधे दुखतात का हे पण विचारा भावाला. सोरायसिस असलेल्यांत बऱ्याच जणांना, काही अभ्यासांत तीस टक्क्यांपर्यंत, सांध्यांचा प्रकार होतो. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं, टाचेत दुखणं, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. तिथं पण हाच आयएल-२३, आयएल-१७, टीएनएफचा खेळ चाललेला असतो, फक्त सांध्यात आणि हाडाला स्नायू जिथं चिकटतो तिथं. माणूस शेतात राबतो म्हणून दुखतंय असं म्हणून सोडून दिलं तर सांधा कायमचा वाकडा होतो. हे सांगितलं तर औषध निवडताना डॉक्टर त्याचाही विचार करतात.

कायमचं बरं होईल का, हे तुम्ही विचारलं नाही पण पुढं विचारालच. बहिणीचा चट्टा गेला की वर्षभरानं परत नेमका त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर येतो, तसं भावाचं पण होत असेल. त्याचं कारण सापडलंय. कातडी वरून साफ दिसली तरी काही टी-पेशी त्या जागी मुक्कामालाच राहतात, जुनी आठवण धरून, आणि निमित्त मिळालं की तिथूनच आयएल-१७ सुरू. म्हणून आजचं कुठलंही औषध आजार काबूत ठेवतं, मुळासकट काढत नाही. काबूत म्हणजे कातडी जवळजवळ साफ, खाज नाही, झोप शांत, हे आज बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं.

घरच्या घरी काय करता येईल तर वजन जास्त असेल तर कमी करणं, कारण चरबीच्या पेशी स्वतःच टीएनएफ आणि आयएल-६ सोडतात, वजन उतरलं की औषधही चांगलं लागू होतं. बिडी-सिगारेट बंद, आता निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव, तिथं हे सांगणं अवघड आहे मला माहीत आहे, पण धूम्रपानानं सोरायसिस वाढतो हे पक्कं आहे. दारू तर मेथोट्रेक्सेटसोबत लिव्हरला फार महागात पडते. वांगं बंद, अंडं बंद, आंबट बंद असली पथ्यं घरोघरी सांगतात, त्याला तसा आधार नाही, उगीच त्याच्या ताटातून एकेक पदार्थ कमी करू नका. आंघोळीनंतर ओल्या अंगावर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावलं तर चिरा कमी पडतात, बेळगावच्या कोरड्या थंडीत तर रोज.

आणि स्पर्शानं हे पसरत नाही. त्याच्या स्वतःच्या पेशींतला निरोप आहे हा, दुसऱ्याच्या अंगावर जाणार कसा? उलट त्या चट्ट्यात जंतू मारणारी प्रोटीनं इतकी भरलेली असतात की एक्झिमाच्या मानानं सोरायसिसच्या चट्ट्यात इन्फेक्शन कमी होतं. माझी बहीण मे महिन्याच्या लग्नात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून घामानं भिजत बसते, कारण पंगतीत कोणीतरी पान उचलून पलीकडं सरकतं. तुमच्या घरात भावाचा टॉवेल, ताटवाटी वेगळी काढली असेल तर आजच परत एकत्र करा, त्या ताणानं पण आजार वाढतो.

शेवटचं, औषधांचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जिवावर बेतते, हाडातला रक्त तयार करणारा बोन मॅरो बंद पडतो. मी तर पाकिटावर पेननं मराठीत 'फक्त रविवार' आणि कानडीत 'भानुवार मात्र' असं दोन्ही लिहून देतो, तुम्ही पण घरात तसं लिहून ठेवा, फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, आणि रक्ताची व लिव्हरची टेस्ट चुकवू नका. मूल होण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नवीन इंजेक्शन ठरलं म्हणून जुनी गोळी स्वतःहून बंद करू नका, कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. सेक्युकिनुमॅब असेल तर पहिले पाच डोस आठवड्या-आठवड्यानं आणि मग महिन्यातून एकदा, म्हणजे खर्च सुरुवातीला एकदम येतो, तो हिशोब आधीच विचारून घ्या, परवडत नसेल तर तसं तोंडावर सांगा, अडालिमुमॅबचे भारतात बनणारे स्वस्त पर्याय आहेत आणि अप्रेमिलास्टची गोळी पण आहे जी पेशीच्या आतून हे निरोप कमी करते. इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, आणि कोल्हापूरहून निपाणीला आणताना बर्फाच्या पॅकसोबत थर्माकोलच्या डब्यात, बाटली बर्फाला थेट टेकणार नाही असं बघून आणा. मेडिकलवाल्याला सांगितलं तर तो पॅक करून देतो.